'ऑरेंज' : एका विशेषणाचा जाऊन-येऊन प्रवास

नागपूर जिल्ह्याच्या वायव्य टोकाला, वर्धा नदीच्या काठाशी नरखेड तालुका वसलेला आहे. मोवाड, जलालखेडा, बेलोना, सावरगाव, भिष्णूर अशा गावांच्या शिवारांतून आपण फिरू लागलो की वाटेच्या दोन्ही अंगांना संत्र्याच्या बागा दिसू लागतात. नदीपलीकडे अमरावती जिल्ह्यातील वरुड हा संत्र्याचाच दुसरा मुलूख. नरखेडहून अमरावतीकडे जाणाऱ्या लोहमार्गावर वरुडचे जे स्थानक आहे, त्याचे अधिकृत नावच 'वरुड ऑरेंज सिटी' असे आहे. इंग्रजी भाषेतील एक साधा शब्द असा थेट आपल्या स्थानकाच्या फलकावर येऊन बसला आहे.

गेल्या हिवाळ्यात आम्ही याच भागातील एका परिचित शेतकरी कुटुंबाकडे गेलो होतो. आंबिया बहाराची तोडणी संपत आली होती. ओसरीवर पाचवीत शिकणारी नात इंग्रजीचे पुस्तक घेऊन बसली होती. पुस्तकात एका पानावर 'ऑरेंज' या शब्दापुढे संत्र्याचे चित्र होते, तर दुसऱ्या पानावर त्याच शब्दापुढे नुसता रंगाचा चौकोन. यातले खरे कोणते, हा तिचा पहिला प्रश्न. दुसरा प्रश्न तिने आपल्या आजोबांना विचारला, "आबाजी, संत्रा आपला अन् त्याचं नाव मात्र इंग्रजांचं, असं काहून?" आबाजी हसले व त्यांनी आमच्याकडे बोट दाखवले. इंग्रजीच्या तासाला ही मुलगी तोंड उघडायला भिते, असे तिच्या आईने आम्हांस नंतर सांगितले. त्या दिवशी आम्ही तिला जे थोडक्यात सांगितले, तेच येथे सविस्तर मांडत आहोत.

आधी फळ की आधी रंग?

'ऑरेंज' हा शब्द इंग्रजीत नाम आहे आणि विशेषणही आहे. 'ऑरेंज ज्यूस' म्हणजे संत्र्याचा रस. येथे तो फळाचे नाव म्हणून आला आहे. 'ऑरेंज शर्ट' म्हणजे नारिंगी रंगाचा सदरा. येथे तो खरे विशेषण आहे. वरुडच्या फलकावरील 'ऑरेंज सिटी' या शब्दांचा अर्थ नारिंगी रंगाचे शहर असा नसून संत्र्यांचे शहर असा आहे. अशा रीतीने शब्द एकच असला तरी सोबतच्या शब्दावरून अर्थ ठरतो. तेव्हा त्या मुलीच्या पुस्तकातील दोन्ही पाने बरोबर होती.

मग यांतील थोरले कोण? उत्तर निःसंशय आहे. फळ थोरले, रंग धाकटा. इंग्रजीत फळाचे नाव चौदाव्या शतकात आले. रंगासाठी तो शब्द वापरला जाऊ लागला तो सोळाव्या शतकाच्या आरंभी. त्यापूर्वी इंग्रजांना हा रंग दिसत नव्हता असे नाही. त्याला स्वतंत्र नाव नव्हते. जुन्या इंग्रजीत 'पिवळा-तांबडा' अशा अर्थाचा जोडशब्द होता. चौदाव्या शतकातील कवी चॉसर याने एका कोल्ह्याचे वर्णन करताना त्याचा रंग पिवळा आणि तांबडा यांच्या मधला आहे, असेच सांगून वेळ निभावली. इंग्लंडातील रॉबिन पक्ष्याची छाती खरे पाहता नारिंगी, परंतु त्याला आजही 'तांबड्या छातीचा' म्हणतात, कारण हे नाव पडले तेव्हा नारिंगीला शब्दच नव्हता. क्रुसावरील प्रभूच्या डोक्यातील काटा उपटताना त्या पक्ष्याच्या छातीवर रक्त उडाले, ही युरोपातील लोककथा आपल्यापैकी काहींनी ऐकली असेल. त्या कथेलाही हा 'तांबडा' शब्द सोयीचाच ठरला.

फळावरून रंगाचे नाव पडणे आपणांस नवे नाही. जांभळावरून जांभळा, डाळिंबावरून डाळिंबी, आमसुलावरून आमसुली. फुलांवरून गुलाबी आणि अबोली. मराठीने बागेत आणि स्वयंपाकघरात फिरून आपले रंग गोळा केले. इंग्रजांनीही एका रंगापुरते तेच केले. फरक इतकाच की ज्या फळावरून त्यांनी तो घेतला, ते त्यांच्या बागेतले नव्हते.

नारंगाची यात्रा

आता त्या मुलीच्या दुसऱ्या प्रश्नाकडे वळू. लिंबूवर्गीय फळझाडांचे मूळ स्थान आसामचा पूर्व भाग, म्यानमारचा उत्तर भाग आणि चीनचा युनान प्रांत यांना जोडणाऱ्या हिमालयाच्या पायथ्याकडील प्रदेशात असावे, असे २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासातून पुढे आले आहे. आपल्याकडे या फळाला संस्कृतात 'नारङ्ग' म्हणत. तमिळमधील 'नारत्तै' आणि मल्याळममधील 'नारंगा' या शब्दांशी त्याचे साम्य पाहता तो द्रविड भाषांतून संस्कृतात आला असावा, असे अनेक भाषाभ्यासक मानतात.

हा शब्द व्यापाऱ्यांच्या तांड्यांबरोबर पश्चिमेला निघाला. फारसीत तो 'नारंग' झाला, अरबीत 'नारंज'. अरबांनी हे झाड भूमध्य समुद्राच्या काठी, सिसिली आणि स्पेनमध्ये नेले. स्पॅनिश भाषेत त्याला आजही 'नारांखा' म्हणतात. त्यात आपला 'नारंग' सहज ओळखू येतो. पोर्तुगीजांनी पहिले अक्षर बदलून 'लारांजा' केले. इटालियन आणि फ्रेंच भाषांत मात्र आरंभीचा 'न' गळून पडला. त्या भाषांत नामापूर्वी 'एक' या अर्थाचा जो शब्द येतो, त्याच्या शेवटी 'न'चाच उच्चार आहे. दोन 'न' शेजारी आले, तेव्हा ऐकणाऱ्याने एकच ऐकला. शिवाय फ्रेंचमध्ये सोन्याला 'ऑर' म्हणतात. सोन्यासारखे झळकणारे हे फळ पाहून शब्दाचा आरंभ 'ऑर'कडे झुकला असावा. फ्रेंचांकडून तो इंग्रजांनी घेतला आणि 'ऑरेंज' तयार झाला. हा 'न' इंग्रजांनीच गमावला, असे पुष्कळदा सांगितले जाते. परंतु शब्द इंग्लंडच्या किनाऱ्याला लागला तेव्हा तो गळून गेलेलाच होता.

त्या काळी युरोपात पोहोचलेले हे फळ आंबट-कडू होते. रोममधील सांता साबिना या प्राचीन मंदिराच्या आवारात अशा कडू संत्र्याचे एक झाड आहे. संत डॉमिनिक यांनी तेराव्या शतकात स्पेनहून आणून तेथे संत्र्याचे झाड लावले, अशी परंपरागत श्रद्धा आहे. गोड जातीचा प्रसार युरोपात पुढे पंधराव्या-सोळाव्या शतकांत झाला आणि त्यात पोर्तुगीज व्यापाऱ्यांचा मोठा वाटा होता. म्हणून अरबीत गोड फळाला 'बुर्तुकाल', तुर्कीत 'पोर्ताकाल' आणि ग्रीकमध्ये 'पोर्तोकाली' म्हणतात. ही सारी पोर्तुगाल देशाचीच रूपे होत. ज्या अरबांनी युरोपला 'नारंज' दिला, त्यांनीच पुढे गोड फळाला युरोपातील एका देशाचे नाव द्यावे, ही गंमतच म्हणावी लागेल.

आपल्या घरातली नावे

पोर्तुगीजांचा विषय निघाला आहे तर आपल्या मराठीकडेही पाहिले पाहिजे. वसईवर त्यांचा अंमल १५३४ ते १७३९ या काळात होता. बटाटा, पाव, काजू, अननस, चावी आणि आपला 'पाद्री' हे शब्द त्यांच्याच संगतीने आले. 'मोसंबी' हे नाव आफ्रिकेतील मोझांबिकवरून पडले, असे मानले जाते. 'संत्रा' हा शब्दही लिस्बनजवळच्या सिंत्रा या गावावरून आला, असे पुष्कळ ठिकाणी लिहिलेले आढळते. मात्र बाबराच्या आत्मवृत्तात, म्हणजे सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धातच, 'संगतरा' हे फळ येते. पोर्तुगीज भारतात उतरून तेव्हा जेमतेम तीन दशके झाली होती. एवढ्या थोड्या काळात त्यांच्या एका गावाचे नाव उत्तर हिंदुस्थानात रुळले असेल का, हा प्रश्न विचारल्यावाचून ही व्युत्पत्ती मान्य करू नये.

नागपुरी संत्र्याविषयी सांगितले जाते की, अठराव्या शतकात नागपूरकर भोसल्यांनी त्याची रोपे औरंगाबादहून, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरहून, आणविली. २०१४ साली या फळाला भौगोलिक मानांकन मिळाले. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने ते 'मँडरिन' या वर्गातले आहे. म्हणूनच त्याची साल हाताने सहज सुटते. युरोपात ज्याला नेमकेपणाने गोड 'ऑरेंज' म्हणतात, त्याच्या वर्गात आपली मोसंबी बसते. पुणे-मुंबईकडे 'ते संत्रे' म्हणतात, विदर्भात 'तो संत्रा', आणि हेच फळ बांगलादेशात पोहोचले की तेथे त्याला 'कमला' म्हणतात. फळ तेच राहते. नाव मात्र प्रत्येक वेशीवर बदलते.

दुसरे 'ऑरेंज'

आता या शब्दाच्या अशा अर्थाकडे येऊ, ज्याचा ख्रिस्तसभेच्या इतिहासाशी निकटचा संबंध आहे. फ्रान्सच्या दक्षिणेस ऑरेंज नावाचे एक गाव आहे. त्याचे रोमन काळातील नाव 'अरौसिओ'. ते एका स्थानिक जलदेवतेचे नाव होते. संत्र्याशी त्याचा काडीचाही संबंध नव्हता. शतकानुशतके उच्चार झिजत गेला आणि गावाचे नाव व फळाचे नाव कानाला एकसारखे वाटू लागले.

याच गावी इ.स. ५२९ मध्ये एक महत्त्वाची धर्मसभा भरली. आर्लचे बिशप संत सिझेरियस तिचे प्रमुख होते. मनुष्य स्वतःच्या बळावर देवाकडे पहिले पाऊल टाकतो आणि मग देव त्याला साहाय्य करतो, असे काही जण त्या काळी मानीत. धर्मसभेने सांगितले की ते पहिले पाऊलदेखील दैवी कृपेनेच पडते. श्रद्धेचा आरंभच देवाचे दान आहे. कोणालाही देवाने पापासाठी आधीच नेमून ठेवले आहे, हे मतही तिने ठामपणे नाकारले. ५३१ साली पोप दुसरे बोनिफस यांनी या निर्णयांना मान्यता दिली. 'ऑरेंजची धर्मसभा' म्हणून ती प्रसिद्ध आहे.

पुढे हे गाव एका छोट्या संस्थानाची राजधानी झाले. १५४४ साली ते संस्थान नासाऊ घराण्यातील विल्यम यांच्याकडे वारशाने आले. हेच विल्यम पुढे स्पेनच्या राजसत्तेविरुद्धच्या डच लढ्याचे नेते झाले. गावाचे नाव आणि फळाचे नाव सारखे, म्हणून फळाचा रंग घराण्याचा रंग ठरला. हॉलंडचे खेळाडू आजही नारिंगी पोशाखात मैदानात उतरतात, त्याचे मूळ या नावांच्या योगायोगात आहे.

याच घराण्यातील तिसरे विल्यम १६८९ साली इंग्लंडच्या सिंहासनावर आले. १६९० साली आयर्लंडमधील बॉइन नदीच्या काठी त्यांनी कॅथोलिक राजा दुसरा जेम्स याचा पराभव केला. १७९५ साली आयर्लंडच्या आर्मा परगण्यात प्रॉटेस्टंटांची 'ऑरेंज ऑर्डर' ही संघटना स्थापन झाली. तेव्हापासून त्या बेटावर 'ऑरेंज' हे विशेषण माणसांना लागू लागले. 'ऑरेंज' माणूस म्हणजे प्रॉटेस्टंट आणि ब्रिटिश राजमुकुटाशी निष्ठावान. 'ग्रीन' माणूस म्हणजे कॅथोलिक आणि आयरिश स्वातंत्र्याचा पुरस्कर्ता. दोन रंगांनी शेजाऱ्यांमध्ये भिंती उभ्या केल्या. दरवर्षी १२ जुलैला निघणाऱ्या मिरवणुकांवरून किती वेळा डोकी फुटली, याची गणती नाही.

हेही लक्षात ठेवले पाहिजे की समेटाची भाषा बोलणाऱ्यांनी हाच रंग टाकून दिला नाही. १८४८ साली टॉमस फ्रान्सिस मार या कॅथोलिक तरुण नेत्याने आयर्लंडचा तिरंगा लोकांपुढे आणला. त्यात एका बाजूस हिरवा, दुसऱ्या बाजूस नारिंगी आणि मध्ये पांढरा. मधला पांढरा हा दोहोंमधील शांतीचा. उत्तर आयर्लंडमधील तीस वर्षांच्या रक्तपातानंतर १० एप्रिल १९९८ रोजी, शुभ शुक्रवारी, जो करार झाला, त्याने त्या पांढऱ्या पट्ट्याला काहीसा अर्थ प्राप्त करून दिला. ज्या गावाच्या नावाने कृपेचा सिद्धान्त स्पष्ट केला, त्याच नावावर पुढे ख्रिस्ताच्याच अनुयायांनी एकमेकांचा द्वेष केला. यात शब्दाचा दोष नाही. शब्द ओझे वाहतो. ते त्याच्या पाठीवर चढवतो माणूस.

इशारा आणि शिधापत्रिका

आजच्या व्यवहारातही हे विशेषण आपल्या दाराशी आले आहे. भारतीय हवामान विभाग आपले इशारे चार रंगांत देतो. हिरवा म्हणजे चिंता नाही, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, 'ऑरेंज' म्हणजे सज्ज राहा आणि लाल म्हणजे तत्काळ कृती करा. नरखेडच्या बागायतदाराला 'ऑरेंज अलर्ट' म्हणजे काय हे शब्दकोशात पाहावे लागत नाही. गारपीट झाली तर झाडावरचा बहार तासाभरात जमिनीवर येतो, हे तो जाणतो. त्याच्यापुरते हे विशेषण रंगाचे राहिलेले नाही; ते काळजीचे झाले आहे.

दुसरीकडे, १९९९ पासून महाराष्ट्रात तीन रंगांच्या शिधापत्रिका आल्या. त्यांतील मधल्या रंगाला शासनाने मराठीत 'केशरी' म्हटले, तर इंग्रजी बोलणारे त्याच पत्रिकेला 'ऑरेंज कार्ड' म्हणतात. मराठीत केशरी, नारिंगी, शेंदरी, भगवा हे सारे वेगवेगळे आहेत. केशर स्वयंपाकात येते, शेंदूर देवळात, भगवा संन्याशाच्या अंगावर आणि नारिंगी बागेत. इंग्रजी या चौघांना बहुधा एका किंवा दोन शब्दांत गुंडाळते. या एका बाबतीत तरी आमची मराठी अधिक श्रीमंत आहे, असे आम्ही त्या मुलीला सांगितले, तेव्हा तिचे डोळे चमकले.

सालीवरून गोडी कळत नाही

जाता जाता आबाजींनी आम्हांस जे दाखवले, ते सांगितल्याविना हा लेख पुरा होणार नाही. त्यांनी झाडावरून एक हिरवट संत्रा तोडला, सोलला आणि फोडी आमच्या हातांवर ठेवल्या. फळ गोड होते. संत्र्याच्या सालीतला हिरवा रंग कमी होऊन नारिंगी वर येण्यासाठी रात्रीचा गारवा लागतो. रात्री उबदार राहिल्या तर आतून पिकलेले फळही बाहेरून हिरवेच राहते. उलट, हिरवी फळे विशिष्ट वायूच्या खोलीत ठेवून त्यांची साल नारिंगी करता येते; पण संत्रा आंब्यासारखा आढीत पिकत नाही, त्यामुळे तोडल्यानंतर त्याची गोडी वाढत नाही. बाजारात मात्र पहिला भाव रंगाला मिळतो. ज्या फळाने जगाला रंगाचे नाव दिले, तेच फळ स्वतः त्या रंगाचे नसले की पडत्या भावाने विकले जाते, आणि तो तोटा सोसतो शेतकरी.

शब्दांचेही असेच आहे. कानावर पडणाऱ्या नावावरून त्याचे कूळ कळत नाही. फ्रान्समधील गाव फळाचे वाटते, पण फळाचे नव्हे. 'ऑरेंज' इंग्रजांचा वाटतो, पण मुळात इंग्रजांचा नव्हे. माणसाला रंगाचे किंवा पंथाचे विशेषण लावून आपण त्याला ओळखले असे समजतो, तेव्हा आपण केवळ साल पाहिलेली असते.

म्हणून त्या मुलीला आमचे एवढेच सांगणे आहे. बाळ, हा शब्द बोलताना भिऊ नकोस. तो तुझ्याच देशातून 'नारंग' म्हणून निघाला. इराण, अरबस्तान, स्पेन, फ्रान्स, इंग्लंड अशी दूरची वाट चालून, वाटेत आपला पहिला 'न' हरवून, तुझ्या पुस्तकात परत आला आहे. दूर राहिलेले मूल घरी आले की त्याची बोली थोडी बदललेली असते. त्याला परके मानू नये. दार उघडून आत घ्यावे. आणि इंग्रजीच्या तासाला बाईंनी त्याचा अर्थ विचारलाच, तर उभे राहून मोठ्याने सांग.